दाबोळी की मोपा? गोव्यातल्या दोन विमानतळांमधला प्रवास कसा आखायचा

माझं माहेर चिखलीचं, म्हणजे दाबोळी विमानतळाच्या अगदी शेजारचं. सासर पेडणे तालुक्यात. तिथून मोपाची विमानं उतरताना रोज दिसतात. दोन्ही घरांमधला रस्ता मी गेली वीस वर्षं ये-जा करून पाठ केलेला आहे. मोपाचा विमानतळ नव्हता तेव्हाही तोच रस्ता होता, फक्त कोणी मला त्याचं अंतर विचारत नसे. आता महिन्यातून दोनदा तरी पुण्या-नागपूरकडच्या एखाद्या नातेवाइकाचा फोन येतो: "ताई, एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो गं?"

थोडक्यात सांगायचं तर रस्त्याने साधारण ६५ किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर सव्वा तास, दिवसा पावणेदोन ते दोन तास आणि दिवस वाईट असेल तर अडीच तास. पण नवख्या माणसाचं काम एवढ्यावर भागत नाही. घोळ अंतरात होतोच असं नाही, तो बहुतेकदा त्याच्या आधीच झालेला असतो. म्हणून सुरुवात तिकिटापासून करू.

पहिली पायरी: तिकिटावरची तीन अक्षरं वाचा

गोव्यात दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळी, दक्षिण गोव्यात, मुरगाव तालुक्यात, वास्को शहराला लागून. त्याचं सांकेतिक नाव जी-ओ-आय. नवा मोपा, उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ. त्याचं सांकेतिक नाव जी-ओ-एक्स. मोपाचं अधिकृत नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. माजी मुख्यमंत्री आणि माजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या नावावरून ते दिलं आहे. महामार्गावरच्या पाट्यांवर अधिकृत नाव दिसतं, लोकांच्या तोंडी मात्र 'मोपा'च. टॅक्सीवाल्याला सांगताना मोपाच सांगा.

तिकीट काढायच्या अ‍ॅपमध्ये 'गोवा' टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत येतात. स्वस्त दर पाहून आपण बोट दाबतो आणि शेवटचं अक्षर आय आहे की एक्स, ते बघायचं राहून जातं. शिवाय येताना एक आणि जाताना दुसरा असंही होतं. अ‍ॅप जाण्या-येण्याची जोडी लावताना दर बघतं, तुमचं हॉटेल कुठे आहे ते बघत नाही.

माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत हेच घडलं. कोलव्याला चार दिवस राहिली, येताना दाबोळीला उतरली होती. परतीचं तिकीट मोपाचं. हॉटेलातून गाडी बोलावली, ड्रायव्हरला म्हणाली, "एअरपोर्ट." कोलव्याच्या माणसासाठी एअरपोर्ट म्हणजे दाबोळीच, त्याने तिथे नेलं. प्रवेशद्वारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, हे मोपाचं आहे." विमानाला एक तास पंचेचाळीस मिनिटं होती. तिने तिथूनच मला फोन केला. धाव घेतली तरी सामान देण्याची वेळ गाठता येणार नव्हती, हे मला फोनवरच कळत होतं आणि तिला ते सांगणं मला फार जड गेलं. सोबत दोन लहान मुलं होती. दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढावं लागलं, ते पहिल्याच्या दुपटीहून महाग. हा लेख लिहिण्यामागे तो फोन आहे.

तेव्हा तीन गोष्टी करा. तिकीट काढताना अक्षरं बघा. प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा, कारण विमान कंपन्या कधी कधी वेळ बदलतात आणि त्या संदेशात घाईत फक्त वेळ वाचली जाते. आणि गाडीत बसताना 'एअरपोर्ट' हा शब्द वापरूच नका. 'दाबोळी' म्हणा किंवा 'मोपा' म्हणा. चांगला ड्रायव्हर स्वतःहून कोकणीत विचारतो, "खंयच्या विमानतळार?", म्हणजे कुठल्या विमानतळावर. त्याने विचारलं नाही तर तुम्ही सांगा.

दुसरी पायरी: तुम्हाला खरोखर दोन्हींची गरज आहे का, ते ठरवा

दोन विमानतळांमधला प्रवास टाळता आला तर टाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. राहण्याच्या जागेवरून विमानतळ निवडा.

हरमल, मांद्रे, मोरजी, आश्वे, केरी या किनाऱ्यांवर जाणाऱ्यांनी डोळे झाकून मोपा घ्यावा. हणजूण, वागातोर, म्हापसा, कळंगुट, बागा यांनाही मोपाच सोयीचा. कळंगुटहून दाबोळीही फार लांब नाही, पण वाटेत पर्वरी आणि पणजी लागतं, आणि खरा वेळ तिथेच जातो. डिचोली-सत्तरीकडच्या लोकांनाही मोपा बरा. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, वेंगुर्ले इथल्या लोकांसाठी तर मोपा म्हणजे घरचाच विमानतळ झाला आहे.

वास्को, मडगाव, कोलवा, बाणावली, केळशी, काणकोण, पाळोळे आणि पुढे कारवार, इथे जायचं असेल तर दाबोळी. मडगावहून दाबोळी पंचवीसेक किलोमीटर, तर मोपा त्याच्या अडीच पटीहून लांब. पाळोळ्याहून मोपा गाठायचा म्हणजे जवळजवळ अख्खा गोवा उभा ओलांडायचा. तिकिटात हजार रुपये वाचवून टॅक्सीला त्याहून जास्त दिलेली माणसं मी पाहिली आहेत.

फोंड्याच्या देवळांना, म्हणजे मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथे येणाऱ्यांना दाबोळी जवळ पडतो. पणजीत राहणाऱ्यांना दोन्ही जवळजवळ सारखेच: दाबोळी तीसेक किलोमीटर, मोपा पस्तीसेक. त्यांनी खुशाल दर आणि वेळ बघून ठरवावं.

दोन विमानतळ का, एवढं तरी ठाऊक असावं

दाबोळी १९५५ मध्ये पोर्तुगीज राजवटीत सुरू झाला. गोवा मुक्तीच्या वेळी, डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय हवाई दलाने त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते. मुक्तीनंतर तो नौदलाकडे आला आणि आजही धावपट्टी नौदलाच्या हंसा तळाची आहे. नागरी प्रवाशांचं टर्मिनल त्या तळाच्या कडेला आहे. त्यामुळे अनेक वर्षं कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवलेले असत आणि नागरी विमानांना त्या वेळा मिळत नसत. मी लहान असताना शाळेच्या वेळेत आमच्या डोक्यावरून लढाऊ विमानं जायची, प्रवासी विमानं दुपारनंतर. तळ लष्करी असल्याने धावपट्टीचे आणि नौदलाच्या विमानांचे फोटो काढू नका. नवख्यांना हे माहीत नसतं आणि उगाच चौकशीला तोंड द्यावं लागतं.

मोपा सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळी पठारावर, नव्याने उभारलेला विमानतळ. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. तो चालवते जीएमआर ही खासगी कंपनी. म्हणजे दोन्ही विमानतळांचे मालक, चालक, कर्मचारी सगळे वेगळे. दोघांमध्ये प्रवाशांना आतल्या आत नेणारी व्यवस्था आहे असं गृहीत धरून मुंबईच्या टी-१, टी-२ सारखी कल्पना केलीत तर फसाल. इथे मध्ये झुआरी, मांडवी आणि शापोरा अशा तीन नद्या आहेत.

तिसरी पायरी: वेळेचं गणित उलट बाजूने मांडा

समजा, तुम्ही दाबोळीला उतरताय आणि पुढचं विमान मोपाहून आहे. नकाशा सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर दाखवतो. त्याकडे बघू नका. मागच्या टोकाकडून मोजा.

देशांतर्गत विमानासाठी बहुतेक कंपन्या सुटण्याच्या सुमारे तासभर आधी सामान घेणं बंद करतात. परदेशी विमान असेल तर त्याहून आधी. त्या वेळेच्या किमान पाऊण-एक तास आधी तुम्ही मोपाच्या दारात असायला हवं, कारण प्रवेशाची रांग, मग कंपनीच्या काउंटरची रांग. त्याच्या मागे रस्त्याचे दोन तास. त्याच्या मागे टॅक्सी मिळवून सामान चढवण्याची पंधरा-वीस मिनिटं. त्याच्या मागे पट्ट्यावरून सामान येण्याची अर्धा-पाऊण तास.

आकड्यात बघा. सकाळी ११ वाजता दाबोळीला चाकं टेकली. ११:४० ला सामान हातात. १२ ला गाडीत. २ वाजता मोपा. पावणेतीनपर्यंत सामान दिलं. म्हणजे पावणेचारच्या आधीचं विमान धरणं धोक्याचं. आणि यात तुमचं पहिलं विमान अगदी वेळेवर आलं असं धरलं आहे. म्हणून माझा नियम: उतरणं आणि उडणं यांत कमीत कमी पाच तास. पावसाळ्यात सहा. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात सातही ठेवले तर वाया जात नाहीत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नसते. पैसे बुडतात. तुमचं सामानही आपोआप पुढे जात नाही. ते दाबोळीला उतरवून घ्यायचं, स्वतः न्यायचं, मोपाला पुन्हा द्यायचं. वयस्कर माणसं एकटी प्रवास करत असतील तर हा खटाटोप त्यांच्यावर टाकू नका. त्याऐवजी मुंबई, बेंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलणारं एकच तिकीट काढा, भले चार पैसे जास्त जावोत.

चौथी पायरी: रस्ता ओळखून घ्या

आता रस्त्याबद्दल. हा रस्ता टप्प्याटप्प्याने माहीत असेल तर गाडीत बसून जीव टांगणीला लागत नाही. आपण वेळेत आहोत की मागे, हे खिडकीतून बघून कळतं.

दाबोळीहून निघालं की झुआरीनगर, सांकवाळ करत कुठ्ठाळीला यायचं. वीस मिनिटं. पूर्वी कुठ्ठाळी हे नाव काढलं की पोटात गोळा यायचा. १९८३ चा जुना झुआरी पूल अरुंद, त्यावर अवजड गाड्यांना बंदी, आणि दोन्ही बाजूंना रांगा. माझ्या लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची बस तिथे दीड तास अडकली होती. आता शेजारी दोऱ्यांवर तोललेला आठ पदरी नवा पूल आहे. त्याचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा डिसेंबर २०२३ मध्ये खुला झाला. दोन विमानतळांमधला वेळ ज्याने सर्वांत जास्त कमी केला, तो हा पूल. जुने लेख, जुने व्हिडिओ बघून कोणी 'तीन तास लागतात' म्हणत असेल, तर तो या पुलाच्या आधीचा हिशेब असू शकतो.

पूल उतरलात की आगशी, मग गोवा वेल्हा, मग चढ चढून बांबोळी. बांबोळीला महामार्गालगत गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे, ती खूण. सकाळी नऊच्या सुमारास इथे गर्दी असते. तिथून उतार उतरत मेरशी. दाबोळीहून मेरशी पाऊण तासात यायला हवी.

मेरशीला निर्णय घ्यायचा असतो. पणजी शहरात शिरायचं कारण नाही. मेरशीकडून अटल सेतूवर चढणारा रस्ता धरायचा. मांडवीवरचा हा तिसरा पूल जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि तो पणजीचे सिग्नल, कदंब बसस्थानकाची गर्दी सगळं खाली ठेवून थेट पर्वरीकडे नेतो. दुचाकी आणि तीनचाकींना मात्र अटल सेतूवर बंदी आहे. भाड्याची स्कूटर घेऊन निघालात तर खालच्या पुलावरून जावं लागेल, आणि खरं तर सामान घेऊन, विमान गाठायला, हा रस्ता स्कूटरने करूच नये.

पर्वरी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमचं विमान चुकलं तर ते बहुतेक पर्वरीत चुकेल. विधानसभा आणि सचिवालय इथेच. दोन्ही बाजूंना दुकानं, शोरूम, शाळा. त्यात महामार्गावर सुमारे ५ किलोमीटर लांबीच्या सहा पदरी उड्डाणपुलाचं काम २०२४ पासून हाती घेतलं गेलं आणि वळणमार्ग, अरुंद पट्टे, खांबांचे खड्डे यांनी हा टप्पा आणखी बेभरवशाचा झाला. पहाटे मी तो आठ मिनिटांत पार केला आहे. संध्याकाळी साडेसहाला त्याच अंतराला पन्नास मिनिटंही लागली आहेत. तुमच्या गणितात बाकी सगळे टप्पे दहा-पाच मिनिटांनी इकडेतिकडे होतील, पर्वरी अर्ध्या तासाने होते. सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळांत इथे सापडायचं नाही, अशा बेताने निघा.

काही ड्रायव्हर पर्वरीहून चोगम रस्त्याला वळतात आणि साळगाव, पर्रा करत म्हापशाला निघतात. (१९८३ मध्ये राष्ट्रकुल प्रमुखांची परिषद भारतात झाली, तिच्या निमित्ताने हा रस्ता झाला, म्हणून चोगम.) रस्ता सुंदर आहे, पण वळणांचा आणि वस्तीतला. महामार्ग पूर्ण ठप्प असेल तरच. ड्रायव्हरने विचारलं तर नकाशावर दोन्हींची वेळ बघून ठरवा.

पर्वरी सुटली की गिरी, आणि मग डाव्या-उजव्या बाजूने म्हापसा सुरू होतं. महामार्गाला लागूनच बोडगेश्वराचं देऊळ दिसतं. आमच्याकडे प्रवासाला निघालेला माणूस इथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. जत्रेच्या दिवसांत, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत, इथे संध्याकाळी रस्ता माणसांनी भरलेला असतो. शुक्रवारी म्हापशाचा आठवडी बाजार. बाजार शहरात भरतो, पण त्याची गर्दी महामार्गाच्या चौकांपर्यंत येते. पुढे करासवाडा, तिथे परत थोडी अडचण. मग कोलवाळचा पूल, खाली शापोरा नदी. नदी ओलांडली की पेडणे तालुका, आणि इथून पुढे काळजी नको.

धारगळला महामार्ग सोडायचा. इथे मोठी आयुर्वेद संस्था आहे, ती खूण. धारगळहून थेट मोपापर्यंत जाणारा सहा पदरी उन्नत जोडरस्ता जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. तो होण्याआधी गावातल्या रस्त्यांवरून वळणं घेत जावं लागायचं आणि पहिल्यांदा येणारे हमखास चुकायचे. आता दहा मिनिटांत टर्मिनलच्या दारात.

उलट बाजूने, मोपाहून दाबोळीला, रस्ता हाच. एकच फरक: सकाळी म्हापशाकडून पणजीकडे नोकरदारांचा लोंढा असतो, संध्याकाळी पणजीकडून म्हापशाकडे. म्हणून सकाळी मोपा ते दाबोळी जड जातं आणि संध्याकाळी दाबोळी ते मोपा.

पाचवी पायरी: वाहन निवडा

विमान गाठायचं असेल तर टॅक्सी. मुंबई-पुण्यासारखं ओला-उबरवर विसंबू नका, त्या गोव्यात चालत नाहीत. दोन्ही विमानतळांवर आगाऊ पैसे भरून टॅक्सी घेण्याची खिडकी आहे आणि गोवामाइल्स हे अ‍ॅप चालतं. खिडकीवर दर आधी ऐका, पावती घ्या आणि पावतीवर 'मोपा' किंवा 'दाबोळी' लिहिलं आहे ना, ते वाचा. पाहुण्यांसाठी मी आदल्या दिवशीच ओळखीच्या गाडीवाल्याशी बोलून ठेवते. हॉटेलला सांगितलं तर तेही करून देतात. रात्री उशिरा उतरणार असाल तर ही खबरदारी घ्याच.

हातात सहा-सात तास असतील आणि सामान कमी असेल, तर कदंबची बस आहे. गोवा सरकारच्या कदंब परिवहन महामंडळाच्या गाड्या मोपा आणि दाबोळी दोन्हीकडून पणजीला जातात. पणजीला बस बदलायची असा हिशेब ठेवा. विमानतळाची गाडी चुकली तर वास्को-पणजी आणि पणजी-म्हापसा या शटल गाड्या दिवसभर असतात. शटलचं तिकीट बसमध्ये मिळत नाही, स्थानकावरच्या खिडकीवर आधी काढून मग रांगेत उभं राहायचं. नवखी माणसं थेट बसच्या दाराशी जातात आणि परत फिरतात. बस स्वच्छ असते, स्वस्त असते, पण म्हापशाच्या पुढे मोपाला गाडी लगेच मिळेल याची खात्री नाही, म्हणून त्या शेवटच्या टप्प्यासाठी टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवा.

वाटेत कुठे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाल्याने "पायलट जाय?" (पायलट हवा का?) असं विचारलं तर गोंधळू नका. गोव्यात भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला पायलट म्हणतात. दाबोळीच्या रेल्वे थांब्यावरून टर्मिनलपर्यंत, एक पिशवी असेल तर, तो उत्तम.

रेल्वेचाही विचार काहीजण करतात. दाबोळीजवळून वास्को-कुळे मार्ग जातो, मोपाच्या जवळचं स्थानक कोकण रेल्वेचं पेडणे. मध्ये मडगावला गाडी बदलावी लागते. गाड्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत. विमानासाठी हा पर्याय मोजू नका. मात्र मोपाला उतरून कोकणात वर जायचं असेल तर पेडणे किंवा थिवी स्थानक खरोखर सोयीचं आहे.

पाऊस आणि सण

जून ते सप्टेंबर गोव्यात पाऊस धो धो कोसळतो. रस्त्यावर वेग अर्ध्यावर येतो, पर्वरी आणि करासवाड्याला पाणी साचतं. विमानंही आकाशात घिरट्या घालतात, कधी एका विमानतळाचं विमान दुसऱ्यावर उतरवतात. असं झालं तर आधी विमानातच थांबा आणि घोषणा ऐका. बऱ्याचदा हवामान निवळलं की तेच विमान मूळ ठिकाणी जातं. खालीच उतरवलं तर कंपनीच्या माणसाला पुढच्या वाहनाची सोय विचारा, स्वतः धावत जाऊन टॅक्सी करू नका.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस तर वेगळेच. अख्खा गोवा गावाकडे निघालेला असतो, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगून केलेल्या सजावटीचं, सामान घ्यायला म्हापशाचा बाजार ओसंडतो, मुंबईहून कोकणात येणाऱ्या गाड्याही याच महामार्गावर. त्या दिवसांत दोन विमानतळांचा प्रवास ठेवला असेल तर तिकीट बदला, इतकं सरळ सांगते. शिगम्याच्या आणि कार्निव्हलच्या मिरवणुकींच्या दिवशी पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को यांपैकी त्या दिवशी कुठे मिरवणूक आहे ते वर्तमानपत्रात बघा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे तिथल्या चर्चचा उत्सव, तेव्हा पणजीच्या पूर्वेकडचे रस्ते भरलेले असतात.

चुकीच्या विमानतळावर पोचलात तर

प्रवेशद्वारावर वाद घालू नका. तिकीट दुसऱ्या विमानतळाचं असेल तर जवान आत सोडणार नाही, तो त्याचा नियम आहे. घड्याळ बघा. विमानाला सव्वातीन तासांहून जास्त वेळ असेल तर लगेच टॅक्सी करा आणि वाटेत मोबाइलवरून वेब चेक-इन उरकून घ्या. दोन ते सव्वातीन तासांच्या मधे असेल तर सामानावर ठरतं: फक्त हातातली पिशवी असेल तर प्रयत्न करण्यात अर्थ आहे, कारण सामान द्यायची रांग वाचते. मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सीत बसण्याआधी कंपनीला फोन करा आणि विमान सुटण्यापूर्वीच तिकीट पुढच्या विमानावर बदलून मागा. विमान सुटून गेल्यावर मागितलं तर बहुधा काहीच परत मिळत नाही. दोन तासांहून कमी असेल तर रस्त्याला लागूच नका. ड्रायव्हरला "जोरात चालवा" म्हणू नका. त्या महामार्गावरचे अपघात आम्ही रोज वाचतो.

माझ्या मामेबहिणीने त्या दिवशी विमान सुटायच्या आधी फोन केला असता, तर निम्मे पैसे तरी वाचले असते. ती मला फोन करत होती, कंपनीला नाही. आणि मलाही तेव्हा ते सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

घरच्यांनी काय करायचं

कोणी एकटं या रस्त्यावर असेल तर "कुठे पोचलास?" असं दर दहा मिनिटांनी विचारून त्याला हैराण करू नका. माझ्या आईची पद्धत चांगली आहे. मी चिखलीहून निघाले की ती चारच नावं ऐकते: कुठ्ठाळी, मेरशी, बोडगेश्वर, कोलवाळ. प्रत्येक ठिकाणी मी एका शब्दाचा संदेश टाकते. निघाल्यापासून वीस मिनिटांत कुठ्ठाळी, पाऊण तासात मेरशी, सव्वा ते दीड तासात बोडगेश्वर, त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत कोलवाळ. मेरशीचा संदेश येऊन पाऊण तास झाला आणि बोडगेश्वर आला नाही, की तिला कळतं, पर्वरीत अडकली. मग ती मोपाला वाट बघणाऱ्यांना स्वतःच फोन करून सांगते, थोडा उशीर होईल, चहा घ्या.

तुमच्या पाहुण्यालाही ही चार नावं कागदावर लिहून द्या. रस्ता अनोळखी असला तरी पाट्यांवर नावं देवनागरीतही असतात, वाचता येतील.